हार्ड डिस्क प्रतिबिंबन

संगणकातील माहिती एकाच वेळी दोन वा अधिक हार्ड डिस्कांवर तंतोतंत सारखी नोंदविण्याच्या पद्धतीस हार्ड डिस्क प्रतिबिंबन किंवा मिररिंग म्हणतात. या रीतीने सांगड घातलेल्या डिस्कांच्या समूहास प्रतिबिंबित संच ही संज्ञा असून वापरणाऱ्याला तो संच एकच डिस्क म्हणून दिसतो. संचातील एक डिस्क निकामी झाली, तरी उरलेल्या डिस्कवरून काम न थांबता चालू राहते. निकामी डिस्कच्या जागी नवी बसवून तिच्यावर सर्व माहितीची नक्कल उतरविली म्हणजे संच पूर्ववत होतो. मोठ्या संस्थांच्या संगणक केंद्रांत रूढ झालेली ही पद्धत हार्ड डिस्क स्वस्त झाल्यावर घरगुती संगणकांवरही वापरली जाऊ लागली. तथापि ती एकाच प्रकारच्या आपत्तीवरील उपाय आहे आणि बिघाडानंतर घाईने केलेली दुरुस्ती मूळ बिघाडापेक्षा अधिक हानिकारक ठरू शकते. या दोन गोष्टी ध्यानात घेतल्याखेरीज तिचा खरा उपयोग होत नाही.

पूर्वी घरातील मोलाचे कागद लोखंडी कपाटात आणि छायाचित्रे अल्बमात राहत. वाळवी, ओल व आग हे त्यांचे शत्रू सर्वांच्या परिचयाचे होते आणि त्यांचा नाश बहुधा हळूहळू व डोळ्यांदेखत होई. हार्ड डिस्कवरील माहितीचा नाश मात्र क्षणार्धात व पूर्वसूचनेशिवाय होऊ शकतो. पश्चिम रेल्वेच्या विरार स्थानकाच्या पूर्वेकडील, पापडखिंड धरणानजीकचे फुलपाडा हे या दृष्टीने उद्‌बोधक उदाहरण आहे. वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या (स्थापना २००९) हद्दीतील अशा दाट वस्तीत घरातील एकाच संगणकावर मुलांचा अभ्यास, कुटुंबाची छायाचित्रे, एखाद्या छोट्या व्यवसायाचे हिशेब आणि गृहनिर्माण संस्थेची दप्तरे एकत्र नांदतात. समुद्र व खाडी जवळ असल्याने हवा दमट असते. पावसाळ्यात वीज जाणे आणि पुरवठ्याचा दाब एकदम वर-खाली होणे हे नित्याचे असते. जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत वसई, नालासोपारा व विरार परिसर जलमय होऊन रेल्वे वाहतूक बंद पडली आणि अनेक भागांतील वीजपुरवठाही खंडित झाला. घरगुती प्रतिबिंबित संचाची मांडणी करताना अशा परिस्थितीचा विचार डिस्कच्या निवडीइतकाच महत्त्वाचा असतो.

इतिहास : चुंबकीय तबकड्यांवर माहिती साठविणारे पहिले व्यापारी उपकरण आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये बाजारात आणले. रॅमॅक या संगणक प्रणालीच्या त्या भागात सु. ६१ सेंमी. व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्यांवर एकूण ५० लाख अक्षरे मावत. उपकरण इतके अवजड व महाग होते, की त्याची जोडी ठेवण्याची कल्पना फार थोड्यांना परवडण्यासारखी होती. बँका, दूरध्वनी केंद्रे यांसारख्या, काम थांबलेले न चालणाऱ्या व्यवसायांसाठी टँडेम या अमेरिकन कंपनीने १९७०–८० या दशकात जे संगणक तयार केले, त्यांत मात्र प्रत्येक महत्त्वाचा भाग दुहेरी होता व डिस्कही प्रतिबिंबित होत्या.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेतील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाने या विषयाला शास्त्रीय बैठक दिली. मोठ्या संगणकाच्या एका महागड्या डिस्कऐवजी वैयक्तिक संगणकांसाठी बनविलेल्या अनेक स्वस्त डिस्क एकत्र वापराव्यात, असा त्यांचा प्रस्ताव होता. डिस्कांची संख्या वाढली की त्यांतील एखादी बिघडण्याची शक्यताही वाढते, म्हणून काही माहिती जादा नोंदवून ती भरून काढावी, असे त्यांनी सुचविले. या मांडणीस त्यांनी ‘रेड’ हे आद्याक्षरी नाव दिले आणि तिचे पाच स्तर कल्पिले. प्रतिबिंबन हा त्यांतील पहिला स्तर होय; म्हणून त्यास व्यवहारात ‘रेड-एक’ म्हणतात. आद्याक्षरांतील ‘स्वस्त’ या अर्थाच्या शब्दाच्या जागी पुढे ‘स्वतंत्र’ या अर्थाचा शब्द आला. बर्कलीच्या संशोधकांच्या दृष्टीने पहिला स्तर सर्वांत खर्चिक होता, कारण त्यात निम्मी धारणक्षमता नकलेसाठी खर्ची पडते. घरगुती वापरात मात्र तोच सर्वांत सोयीचा ठरला. त्यातील प्रत्येक डिस्क स्वयंपूर्ण असते, आणि आणीबाणीच्या वेळी हा साधेपणा फार मोलाचा ठरतो.

तत्त्व व कार्य : संगणकाने माहिती लिहिण्याची आज्ञा दिली, की संचाचे नियंत्रण करणारी आज्ञावली किंवा नियंत्रक मंडल तीच आज्ञा दोन्ही डिस्कांकडे पाठविते आणि दोन्हींवरील लेखन पुरे झाल्यावरच काम झाल्याचे कळविते. त्यामुळे लेखनाचा वेग दोहोंपैकी मंद डिस्कएवढा राहतो. वाचन कोणत्याही एका डिस्कवरून करता येत असल्याने एकाच वेळी अनेक फाइली वाचावयाच्या असल्यास ते काहीसे जलद होते. दोन्ही डिस्क समान क्षमतेच्या नसल्यास लहान डिस्कएवढीच जागा उपयोगात येते.

प्रत्येक डिस्कवर संचाविषयीची एक छोटी नोंद ठेवलेली असते. संचाची ओळख, त्यातील सदस्यांची संख्या आणि संचाच्या स्थितीत बदल झाला म्हणजे वाढत जाणारा एक अनुक्रमांक तीत असतो. जमाखर्चाच्या वहीतील पानांक जसा कोणती वही अलीकडची ते सांगतो, तसा हा अनुक्रमांक कोणती डिस्क अद्ययावत आहे ते सांगतो. लेखन चालू असताना वीज गेली, तर एका डिस्कवर नवा मजकूर व दुसरीवर जुना अशी विसंगती उद्‌भवते. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर नियंत्रक एका डिस्कवरील मजकूर दुसरीवर उतरवून दोन्ही सारख्या करतो. लिनक्स प्रणालीत कोणत्या भागांत लेखन चालू होते याचा एक नकाशा डिस्कवर ठेवण्याची सोय आहे; त्यामुळे सबंध डिस्क न तपासता तेवढेच भाग जुळविले जातात व तासांचे काम मिनिटांत होते. वीज वारंवार जाणाऱ्या ठिकाणी ही सोय अवश्य वापरावी.

सर्वसाधारण प्रतिबिंबनात एक मूलभूत उणीव आहे. दोन्ही डिस्क वाचल्या जात आहेत, पण त्यांवरील मजकूर निरनिराळा आहे, अशा वेळी कोणता खरा हे नियंत्रकाला कळत नाही. दोन साक्षीदार परस्परविरुद्ध बोलले आणि तिसरा पुरावा नसला, म्हणजे जी स्थिती होते, तशीच ही असते. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने २००५ मध्ये खुली केलेली झेडएफएस ही फाइल प्रणाली, तसेच लिनक्सवरील बीटीआरएफएस ही प्रणाली प्रत्येक मजकुराबरोबर त्याची पडताळणी-बेरीजही जपून ठेवतात. बेरीज जुळेल ती प्रत खरी मानून दुसरी आपोआप दुरुस्त केली जाते. जुन्या छायाचित्रांसारखी माहिती वर्षानुवर्षे न उघडता पडून राहते. तिच्यासाठी या प्रणाली अधिक योग्य होत.

विश्वासार्हता : हार्ड डिस्कमध्ये मिनिटास बहुधा ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकड्यांवर वाचन-लेखन शीर्षे अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतात. धक्का, झीज, धारव्यांतील दोष किंवा विद्युत् मंडलातील बिघाड यांपैकी कशानेही ती निकामी होऊ शकते. कार्नेगी मेलन विद्यापीठातील बियांका श्रोडर व गार्थ गिब्सन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मोठ्या संगणक केंद्रांतील डिस्क बदलण्याचे वार्षिक प्रमाण बहुतेक ठिकाणी २ ते ४ टक्के आढळले. उत्पादकांच्या आकड्यांवरून अपेक्षित असलेल्या प्रमाणापेक्षा ते बरेच अधिक होते.

वार्षिक प्रमाण ३ टक्के धरले आणि दोन्ही डिस्क परस्परांपासून स्वतंत्रपणे बिघडतात असे मानले, तर एक डिस्क गेल्यावर ती आठवड्याभरात बदलणाऱ्या घरी वर्षात सर्व माहिती गमावण्याची शक्यता सु. तीस हजारांत एक एवढी अल्प येते. पहिली डिस्क गेल्याचे कोणाच्या लक्षातच आले नाही, तर हीच शक्यता अकराशेंत एक होते. म्हणजे केवळ दुर्लक्षाने धोका पंचवीस पटींहून अधिक वाढतो, आणि दुर्लक्ष जितकी वर्षे चालेल तितका तो आणखी वाढत जातो. संच काम करीत राहतो हाच त्याचा गुण, पण याच गुणामुळे बिघाड झाकून राहतो. निम्मा मोडलेला संच वर्षभर विनातक्रार चालतो आणि दुसरी डिस्क गेल्यावरच मालकास जाग येते.

वरील गणितातील स्वातंत्र्याचे गृहीत प्रत्यक्षात पुरतेपणी खरे नसते. एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या दोन डिस्क बहुधा एकाच उत्पादन-गटातील असतात. त्या एकाच पेटीत, एकाच तापमानात, एकाच वीजपुरवठ्यावर सारखेच काम करतात आणि त्यांचे वयही सारखेच वाढते. विजेच्या दाबाची एकच उसळी दोघींनाही निकामी करू शकते. घन-अवस्था डिस्क म्हणजे एसएसडीत फिरते भाग नसतात, पण लेखनाने तिचे स्मृतिकोश झिजतात. प्रतिबिंबित जोडीवर लेखन अगदी समान होत असल्याने ही झीजही बरोबरीनेच होते.

उभारणी : प्रतिबिंबनाचे नियंत्रण तीन ठिकाणी असू शकते. स्वतंत्र नियंत्रक कार्ड हे खर्चिक असून ते बिघडल्यास बहुधा त्याच जातीचे दुसरे कार्ड मिळवावे लागते. संगणकाच्या मदरबोर्डमधील अंगभूत सोय फुकट मिळते, परंतु मदरबोर्ड बदलल्यावर नवा बोर्ड जुना संच ओळखेलच असे नाही. कार्यप्रणालीतील आज्ञावलीने केलेले प्रतिबिंबन घरगुती वापरास सर्वांत सोयीचे, कारण त्यातील डिस्क तीच कार्यप्रणाली असलेल्या कोणत्याही संगणकाला जोडून वाचता येतात. लिनक्समध्ये यासाठी एमडी ही अंतर्गत सोय व तिचे नियंत्रण करणारी एमडीॲडम ही आज्ञावली आहे. विंडोजमध्ये मिरर्ड व्हॉल्यूम ही जुनी सोय असून विंडोज ८ (२०१२) पासून स्टोरेज स्पेसेस ही नवी सोय उपलब्ध झाली. ॲपलच्या संगणकांवर डिस्क युटिलिटीमधून असा संच करता येतो.

संच उभारताना डिस्कांवरील जुनी माहिती सामान्यतः पुसली जाते. म्हणून तिची प्रत अन्यत्र घेतल्याशिवाय कामास हात घालू नये. दोन डिस्क शक्यतो निरनिराळ्या उत्पादकांच्या वा निदान निरनिराळ्या वेळी खरेदी केलेल्या असाव्यात. सारख्याच क्षमतेच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या डिस्कांच्या प्रत्यक्ष क्षमतेत किंचित फरक असतो. त्यामुळे विभाग पाडताना शेवटी थोडी जागा मोकळी सोडावी, म्हणजे पुढे दुसऱ्या उत्पादकाची डिस्क बसविताना ती इवलीशी तोकडी पडून अडचण होत नाही. काही डिस्कांत माहितीचे पट्टे कौलांप्रमाणे एकमेकांवर चढवून नोंदविलेले असतात. अशा डिस्कवर पुनर्लेखन अतिशय मंद होते व संच पुन्हा भरताना ती संचाबाहेर फेकली जाऊ शकते. खरेदीपूर्वी उत्पादकाच्या माहितीपत्रकात हे पाहून घ्यावे. यूएसबी केबलने बाहेरून जोडलेली डिस्क संचाचा कायम सदस्य करणे श्रेयस्कर नव्हे, कारण केबल किंचित हलली तरी संच मोडतो.

प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक तिच्या वेष्टनावर छापलेला असतो, पण संगणकाच्या पेटीत बसविल्यावर तो बहुधा दिसत नाही. तो कागदाच्या पट्टीवर ठळक लिहून डिस्कच्या दर्शनी कडेला चिकटवावा. ही क्षुल्लक वाटणारी खबरदारी पुढे वर्णिलेल्या मोठ्या अनर्थापासून वाचविते. कार्यप्रणालीही संचावरच असेल, तर संगणक सुरू करणारा आरंभ-विभाग दोन्ही डिस्कांवर असल्याची खात्री करावी. तो एकीवरच असल्यास आणि नेमकी तीच गेल्यास दुसरीवर सर्व माहिती शाबूत असूनही संगणक सुरू होत नाही.

संच तयार झाल्यावर नियंत्रक एका डिस्कवरील सर्व मजकूर दुसरीवर उतरवितो. मोठ्या डिस्कांस यासाठी कित्येक तास लागतात. त्यानंतर, प्रत्यक्ष माहिती भरण्यापूर्वी, संगणक बंद करून एक डिस्क काढून पाहावी. उरलेल्या डिस्कवर संगणक चालतो का, बिघाडाची सूचना खरोखर मिळते का, आणि डिस्क परत जोडल्यावर संच पूर्ववत कसा करावयाचा, हे रिकाम्या संचावर शिकून घेणे सोपे असते. सूचनेची व्यवस्था हा तर संचाचा अविभाज्य भाग समजावा. लिनक्समध्ये संचाची स्थिती दाखविणाऱ्या नोंदीत दोन्ही डिस्क सुस्थितीत असल्यास चौकटी कंसात ‘यू’ हे इंग्रजी अक्षर दोनदा येते, आणि एक गेल्यास तिच्या जागी अधोरेषा येते; पण ही नोंद कोणी रोज उघडून पाहत नाही. एमडीॲडमला पहाऱ्यावर ठेवून ईमेलने सूचना पाठविण्यास सांगता येते, आणि ती पोहोचते की नाही याची चाचणी घेण्याचीही सोय आहे.

संचाची वेळोवेळी संपूर्ण वाचन-तपासणी करणेही आवश्यक असते. दोहोंपैकी एका डिस्कवरील क्वचितच वाचला जाणारा भाग खराब झाला, तर ते सहसा कळत नाही. दुसरी डिस्क गेल्यावर तोच भाग एकमेव प्रत असतो. डेबियन या लिनक्स वितरणात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ही तपासणी आपोआप सुरू होण्याची व्यवस्था आहे. तीस दिवस बंद राहणाऱ्या घरगुती संगणकावर नेमक्या त्या रविवारी तो चालू असेलच असे नाही, एवढे लक्षात ठेवावे.

बहुतेक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवतात. तीस ‘स्मार्ट’ म्हणतात. खराब झाल्यामुळे बदललेल्या खंडांची संख्या आणि वाचता न आल्याने निर्णयासाठी ठेवलेल्या खंडांची संख्या या तीतील सर्वांत उपयुक्त नोंदी होत. गूगलमधील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तपासणीत पहिला दोष आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट आढळली. मात्र त्याच पाहणीत निकामी झालेल्या निम्म्याहून अधिक डिस्कांनी महत्त्वाच्या चार नोंदींपैकी एकीतही आधी काही दाखविले नव्हते. म्हणजे वाईट नोंद गंभीरपणे घ्यावी, पण चांगल्या नोंदीवर विसंबू नये.

बिघाड व पुनःस्थापना : एक डिस्क गेल्याची सूचना आली म्हणजे पहिले काम संच दुरुस्त करणे हे नव्हे. उरलेली डिस्क ही आता एकमेव प्रत आहे आणि ती बहुधा तितकीच जुनी आहे. तिच्यावरील अत्यावश्यक माहितीची प्रत बाहेरच्या डिस्कवर तत्काळ घ्यावी. संच पुन्हा भरण्याच्या कामात उरलेली डिस्क सलग कित्येक तास सबंध वाचली जाते. तिच्यात सुप्त दोष असतील, तर ते नेमके याच वेळी उघड होतात. उदा., ४ टेराबाइट क्षमतेची डिस्क सेकंदास सरासरी १५० मेगाबाइट या वेगाने वाचली, तर सु. साडेसात तास लागतात. घरगुती डिस्कांसाठी उत्पादक बहुधा १०० लक्ष कोटी बिटांच्या, म्हणजे सु. १२·५ टेराबाइटांच्या, वाचनात एक असाध्य चूक ही मर्यादा नमूद करतात. प्रत्यक्षात डिस्क पुष्कळदा याहून चांगल्या निघतात, पण त्यावर पैज लावण्याची ही वेळ नव्हे.

यानंतर बिघाड खरोखर डिस्कचाच आहे का, ते पाहावे. दमट हवेत गंजलेली वा सैल झालेली केबल हे डिस्क संचाबाहेर पडण्याचे एक साधे कारण असते. स्मार्ट नोंदींतील केबलवरील दळणवळणाच्या चुकांचा आकडा वाढत असेल आणि खराब खंडांचे आकडे शून्य असतील, तर प्रथम केबल बदलून पाहावी. दुसरे कारण असे, की घरगुती वापराच्या काही डिस्क खराब खंड वाचण्याचा प्रयत्न मिनिटभर वा त्याहून अधिक काळ करीत राहतात, तर लिनक्स सामान्यतः ३० सेकंदच वाट पाहते. परिणामी एका खंडाच्या दोषापायी सबंध डिस्क बाद ठरविली जाते. संचांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डिस्कांत हा प्रयत्न काही सेकंदांत सोडून देण्याची योजना असते.

निकामी डिस्क ओळखण्यातील चूक ही पुनःस्थापनेतील सर्वांत घातक चूक होय. कार्यप्रणालीने डिस्कांना दिलेली नावे संगणक बंद करून सुरू केल्यावर बदलू शकतात. काल ज्या नावाची डिस्क निकामी होती, त्या नावाने आज चांगली डिस्क उभी असू शकते. म्हणून नावावरून नव्हे, तर कारखान्यातील अनुक्रमांकावरून डिस्क ओळखावी. कडेला चिकटविलेली पट्टी येथे उपयोगी पडते. निकामी डिस्क संचातून रीतसर बाद करून, संगणक बंद करून काढावी, नव्या डिस्कवर उरलेल्या डिस्कप्रमाणे विभाग पाडावेत आणि ती सदस्य म्हणून संचात घालावी. नव्या डिस्कला जुन्या, चालू असलेल्या संचात घालणे आणि दोन डिस्कांचा नवा संच निर्माण करणे या दोन आज्ञा दिसावयास जवळजवळ सारख्या, पण परिणामाने भिन्न आहेत. दुसऱ्या आज्ञेने नक्कल उलट दिशेने, म्हणजे कोऱ्या डिस्कवरून भरलेल्या डिस्कवर, होऊ शकते. आणि मग दोन्ही डिस्क अगदी हुबेहूब सारख्या, पण रिकाम्या होतात. मदरबोर्डच्या आरंभीच्या पडद्यावर तसेच विंडोजने डिस्क ‘इनिशिअलाइझ’ करण्याची परवानगी मागितल्यावरही हाच धोका संभवतो. कोणती डिस्क मूळ व कोणती नक्कल, हे पडद्यावरील मजकुरातून स्पष्ट होत नसेल, तर चांगली डिस्क काढून दुसऱ्या संगणकावर तिची प्रत आधी घ्यावी.

उरलेल्या डिस्कवरच वाचन-दोष निघाले, तर संच भरण्याचा प्रयत्न तेथेच थांबवावा. जीएनयू डीडीरेस्क्यू ही विनामूल्य आज्ञावली आधी डिस्कचे सुस्थितीतील भाग नव्या डिस्कवर उतरवून घेते, दोषयुक्त भागांचा नकाशा ठेवते आणि मग त्यांकडे पुन्हा पुन्हा वळते. यानंतरचे सर्व काम त्या नकलेवर करावे, मूळ डिस्कवर नव्हे. बाद झालेली पहिली डिस्क अंशतः वाचता येत असेल, तर तीही फेकू नये. दोघींचे दोष एकाच ठिकाणी असणे क्वचितच घडते, त्यामुळे एकीवर नसलेला मजकूर दुसरीवर सापडू शकतो. डिस्क खडखडाट करीत असेल, तर ती पुनःपुन्हा चालू करून पाहण्याने तबकड्यांवर ओरखडे पडतात. अशी डिस्क बंद ठेवून व्यावसायिक पुनर्प्राप्ती केंद्राकडे देणे हाच मार्ग उरतो.

संच दुभंगणे हा आणखी एक फसवा प्रकार आहे. सैल केबलमुळे एका दिवशी संगणक पहिल्या डिस्कवर व दुसऱ्या दिवशी दुसरीवर सुरू झाला, तर दोघींवर निरनिराळे नवे लेखन होते आणि दोघीही स्वतःला अद्ययावत समजतात. अशा वेळी त्या जुळविल्यास एकीवरील काम हमखास नष्ट होते. प्रत्येक डिस्क एकेकटी, केवळ वाचनासाठी जोडून फाइलींच्या तारखा पाहाव्यात, हव्या त्या फाइली बाहेर काढाव्यात आणि मगच कोणती डिस्क मूळ धरावयाची ते ठरवावे.

संच भरत असताना वीज गेल्यास, संचाची नोंद आधुनिक प्रकारची असेल तर काम राहिले तेथून पुढे चालू होते. तरीही पावसाळ्यात हे काम यूपीएसवर आणि शक्यतो पाऊस उघडलेला असताना करावे. यूपीएसने काही मिनिटेच मिळतात. तेवढ्या वेळात संगणक आपोआप व्यवस्थित बंद होईल, अशी त्यांची परस्पर जोडणी केली नसेल, तर त्याचा निम्मा उपयोग वाया जातो.

मर्यादा : प्रतिबिंबन म्हणजे राखीव प्रत, म्हणजेच बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल त्याच क्षणी दोन्ही डिस्कांवरून पुसली जाते. खंडणीखोर विषाणूने केलेली मोडतोड, आज्ञावलीतील दोष, चोरी, आग आणि तळमजल्यावर शिरलेले पुराचे पाणी यांपैकी कशालाही दोन डिस्कांतील भेद कळत नाही.

मोठ्या संस्थांनाही याचा अनुभव आला आहे. २७ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या नॉटपेट्या या विषाणूच्या हल्ल्यात मर्स्क या डॅनिश नौवहन उद्योगसमूहाचे संगणक जगभर बंद पडले आणि न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात त्याच समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. समूहाच्या जाळ्यातील कोणास कोठे प्रवेश आहे याची सूची सु. १५० नियंत्रक संगणकांवर परस्परांशी जुळवून ठेवलेली होती. एक गेला तर इतर आहेत, ही कल्पना त्यामागे होती. सर्व एकदम जातील हे कोणी धरले नव्हते. विषाणूने सर्व प्रती पुसल्या. वाचली ती केवळ आफ्रिकेतील घाना येथील एक प्रत. कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेलेली असल्याने तो संगणक जाळ्यापासून तुटलेला होता. वीज जाण्याचा फायदा झाल्याचे हे दुर्मिळ उदाहरण म्हणावे लागेल.

प्रतिबिंबनाची व्यवस्था स्वतःच बंद पडण्याचे कारण होऊ शकते, याचेही उदाहरण मुंबईतीलच आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमधील व्यवहार सकाळी ११·४० वाजता थांबले, ते दुपारी ३·४५ वाजता पुन्हा सुरू झाले. मुख्य केंद्र आणि नजीकचे पर्यायी केंद्र यांना जोडणारे दूरसंचार दुवे अस्थिर झाल्याने मुख्य केंद्रातील साठवण यंत्रणा अनपेक्षित रीतीने वागली व जोखीम-नियंत्रणाचे संगणक तिच्यापर्यंत पोहोचू शकले नाहीत, असे स्पष्टीकरण एक्स्चेंजने दिले. माहिती गमावली नाही, पण बाजाराच्या कामाचे चार तास गेले.

घरगुती संगणकासाठी म्हणून प्रतिबिंबित संचाखेरीज निदान एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती एरवी संगणकापासून व विजेपासून तोडून ठेवणे आणि आणखी एक प्रत दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे वा इंटरनेटवरील साठवण-सेवेत ठेवणे आवश्यक असते. दोन्ही डिस्क विकत घेण्याची ऐपत नसेल, तर दुसऱ्या डिस्कचा उपयोग प्रतिबिंबासाठी न करता अशा तुटक राखीव प्रतीसाठी करणे अधिक शहाणपणाचे होय. ज्याचे काम तासभरही थांबून चालत नाही, अशा व्यावसायिकास प्रतिबिंबनाचा खरा उपयोग. केवळ छायाचित्रे जपू इच्छिणाऱ्या कुटुंबास एक दिवस संगणक बंद राहिला, तरी बिघडत नाही.

निकामी डिस्कची विल्हेवाट : संचातून काढलेल्या डिस्कवर कुटुंबाची सर्व माहिती जशीच्या तशी असते. माहितीचे तुकडे अनेक डिस्कांत विभागून ठेवणाऱ्या इतर स्तरांत एकटी डिस्क बहुतांशी निरर्थक ठरते. प्रतिबिंबनात मात्र ती संपूर्ण प्रत असते आणि संगणकाने तिला निकामी ठरविले, तरी दुसऱ्या कोणाला ती वाचता येऊ शकते. म्हणून ती भंगारात देण्यापूर्वी सर्व जागी नवे लेखन करून पुसावी; ती लेखनही स्वीकारत नसल्यास खोलून तबकड्या वाकवाव्यात वा फोडाव्यात. काही डिस्कांतील तबकड्या काचेच्या असतात, त्यांचे बारीक तुकडे उडत असल्याने डोळ्यांची काळजी घ्यावी. हमीच्या मुदतीत डिस्क बदलून घेताना जुनी परत द्यावी लागते आणि तोपर्यंत ती पुसण्याच्या अवस्थेत राहिलेली नसते. ही अडचण टाळावयाची असल्यास संच उभारतानाच त्यावरील सर्व माहिती कूटबद्ध करावी आणि तिची किल्ली कागदावर लिहून संगणकापासून दूर ठेवावी. विद्युत् व इलेक्ट्रॉनीय कचऱ्याच्या व्यवस्थापनाचे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले केंद्र शासनाचे नियम अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रांत जाव्यात या दृष्टीने केलेले आहेत. रेडिओ-टेपरेकॉर्डरप्रमाणे डिस्क फेरीवाल्या भंगारवाल्यास विकल्यास तिच्यावरील छायाचित्रे व बँकेची कागदपत्रेही तिच्याबरोबर जातात.